वय विचारावें, मगच वस्तु द्यावी

(तरुणांच्या सभेंत, पालकांच्या वर्गांत व घरोघरीं अभ्यासासाठीं एक पाठ)

पाठाचा हेतु.— तंबाखू, दारू, तेजाब यांसारख्या वस्तु विकतांना गिऱ्हाइकाचें वय कां विचारावें, तें कसें ठरवावें, आणि ह्या बाबतींत दुकानदार, आईबाप व गांव यांचें कर्तव्य काय, हें समजून घेणें.

"जा रे बाळ, कोपऱ्यावरच्या दुकानांतून एक पुडी घेऊन ये," हें वाक्य आपल्या खेड्यापाड्यांत ज्याच्या कानीं पडलें नाहीं असा मनुष्य विरळा. सांगणाऱ्याच्या मनांत कांहीं वाईट नसतें. त्याला उठण्याचा कंटाळा आलेला असतो, मुलगा चपळ असतो, आणि दुकानदार घरोब्याचा असतो. मुलगा धांवत जातो, पैसे टाकतो, पुडी घेतो व धांवत परत येतो. ह्यांत कोणाचें काय बिघडलें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु ह्या लहानशा खेपेंत तीन माणसें गुंतलेलीं आहेत: सांगणारा, विकणारा व आणणारा. विकणारा कायदा मोडतो, सांगणारा त्याला कारण होतो, आणि आणणारा तें पाहून शिकतो. ह्या तिघांचा विचार आपण आज क्रमानें करूं.

१. कायदा काय म्हणतो

तंबाखूविषयीं जो कायदा आज सर्व देशांत चालू आहे तो २००३ सालचा आहे. त्याच्या सहाव्या कलमांत दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या आहेत. पहिली ही कीं, १८ वर्षांखालील कोणाहि व्यक्तीस सिगारेट, विडी, खाण्याची तंबाखू किंवा तंबाखूचा दुसरा कोणताहि पदार्थ विकूं नये. दुसरी ही कीं, कोणत्याहि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारें ९१ मीटरांच्या आंत हे पदार्थ विकूं नयेत. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. विडी कोण ओढणार हें कायदा विचारीत नाहीं. ती कोणाच्या हातीं दिली एवढेंच तो विचारतो. म्हणून मुलानें पुडी वडिलांकरितां नेली कीं स्वतःकरितां नेली, हा प्रश्नच उरत नाहीं. लहान मुलाच्या हातीं ती विकत दिली कीं गुन्हा घडला.

ह्या कायद्याखालीं जे नियम झाले त्यांनीं पुढील ओझें दुकानदाराच्या खांद्यावर ठेविलें आहे. गिऱ्हाईक १८ वर्षांच्या वर आहे हें सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, आणि शंका आल्यास त्यानें वयाचा पुरावा मागावा. दुकानावर ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद अशी पाटी असावी, आणि १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणें हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे, असें तिच्यावर लिहिलेलें असावें. २०११ सालच्या नियमांनीं आणखी असें ठरविलें कीं, १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकण्याच्या कामीं लावूं नये, आणि मुलांच्या हाताला सहज लागेल अशा जागीं ती मांडूं नये. तेव्हां बाप जेवायला घरीं गेला आणि सातवींतला मुलगा गल्ल्यावर बसून विड्या देऊं लागला, हें दृश्य कितीहि परिचयाचें असलें तरी नियमाविरुद्ध आहे.

वरील कायद्याखालचा दंड २०० रुपयांपर्यंतच आहे, आणि म्हणून पुष्कळ दुकानदार त्याची पर्वा करीत नाहींत. परंतु २०१५ सालच्या बालन्याय कायद्याचें ७७ वें कलम वाचलें म्हणजे ही बेपर्वाई किती महाग पडूं शकते हें कळतें. योग्य वैद्याच्या आज्ञेवांचून जो कोणी लहान मुलास दारू, गुंगीचा पदार्थ किंवा तंबाखू देईल किंवा देवविल, त्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. ह्या कलमांत केवळ विकणाऱ्याचें नांव नाहीं. देणारा व देवविणारा अशा दोघांचें आहे. घरांतील वडीलधाऱ्यांनीं हें कलम दोनदां वाचावें.

दारूविषयीं नियम राज्याराज्यांत निराळे आहेत. महाराष्ट्रांत बिअर व वाइन यांकरितां २१ वर्षें आणि इतर मद्यांकरितां २५ वर्षें अशी वयोमर्यादा आहे. शिवाय दारू बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. गोव्यांत ही मर्यादा २१ वर्षांची आहे. कर्नाटकानें तर २०२५ सालीं तंबाखूची वयोमर्यादाहि १८ वरून २१ वर नेली. सीमेलगतच्या गांवीं राहणाऱ्या आपल्या बांधवांनीं हा फरक जाणून असावें. आणि कांहीं वस्तु अशा आहेत कीं त्यांच्या बाबतींत वयाचा प्रश्नच येत नाहीं: महाराष्ट्रांत २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आहे, आणि २०१९ सालच्या कायद्यानें विजेवर चालणारी सिगारेट सर्व देशांत बंद झाली आहे. ह्या वस्तु पन्नाशीच्या मनुष्यासहि विकतां येत नाहींत.

२. ही मर्यादा कां घातली

कोणी विचारील कीं, सतरा वर्षांच्या मुलास जी वस्तु विष तीच अठराव्या वाढदिवशीं अमृत होते काय? नाहीं, ती तेव्हांहि तशीच अपायकारक असते. परंतु व्यसन जडण्याचा काळ बहुधा बाळपणाचा असतो, आणि त्या वयांत दिसेल तें करून पाहण्याची हौस मोठी व परिणामाची जाणीव थोडी असते. २०१९ सालीं देशभरच्या शाळांतील १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची एक मोठी पाहणी झाली. तींत शेंकडा साडेआठ विद्यार्थी कोणत्या तरी रूपानें तंबाखू घेत असल्याचें आढळलें. ज्यांनीं सिगारेट ओढली होती त्यांपैकीं शेंकडा ३८, विडी ओढणाऱ्यांपैकीं शेंकडा ४७, आणि धूर न करतां तंबाखू घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ५२ मुलांनीं आपला दहावा वाढदिवस येण्यापूर्वींच ती प्रथम घेतली होती.

हे आंकडे वाचून आपण थोडें थांबावें. दहा वर्षांच्या आंतील मूल म्हणजे चौथींत शिकणारें मूल. त्याच्या हातीं पैसे कोणी दिले? त्याला पुडी कोणी दिली? आणि धूर न होणारी तंबाखू म्हटली म्हणजे आपल्याकडे केवळ चुना लावून मळलेली तंबाखू नव्हे. मशेरीहि तीच आहे. आजी दांतांस मशेरी लावते, नात शेजारीं बसून बोट पुढें करते, आणि एक व्यसन एका पिढींतून दुसरींत असें गुपचूप उतरतें.

दारूच्या बाबतींत तर हानि पिणाऱ्यापुरती राहत नाहीं. २०२४ सालच्या मे महिन्यांत पुणें शहरांत १७ वर्षांच्या एका मुलाच्या हातच्या भरधाव मोटारीखालीं दुचाकीवरून जाणारीं दोन तरुण माणसें मरण पावलीं. त्या रात्रीं त्याला मद्य दिल्याच्या आरोपावरून मद्यालयांच्या चालकांपैकीं कांहींना अटक झाली. दारांत वय विचारण्याचें काम किती मोठें आहे, हें सर्व महाराष्ट्रास त्या दिवसांत कळून आलें.

३. "अठरावें लागलें" म्हणजे अठरा पुरीं झालीं नव्हेत

आपल्या बोलण्यांत वय सांगण्याच्या दोन रीती आहेत, आणि त्यांचा घोंटाळा नेहमीं होतो. "मुलाला अठरावें लागलें," असें आई म्हणते तेव्हां त्याचीं सतरा वर्षें पुरीं होऊन अठरावें सुरू झालेलें असतें. कायद्याला तें चालत नाहीं. त्याला अठरा वर्षें पुरीं झालेलीं हवींत. उदाहरणार्थ, ज्याचा जन्म ५ जून २००९ रोजीं झाला त्याला अठरावें वर्ष ५ जून २०२६ रोजीं लागतें. परंतु त्याचीं अठरा वर्षें ५ जून २०२७ रोजीं पुरीं होतात. ह्या दोन तारखांमध्यें पुरें एक वर्ष आहे, आणि त्या वर्षांत तो कायद्याच्या दृष्टीनें मूलच आहे.

दुकानदारानें तोंडी हिशेब करीत बसूं नये. त्यानें रोज सकाळीं एका कागदावर आजची तारीख लिहून तींतून अठरा वर्षें वजा करावीं, आणि ती तारीख गल्ल्यापाशीं लावावी. गिऱ्हाइकाच्या जन्माची तारीख त्या दिवशींची किंवा त्याच्या आधींची असेल तर वस्तु द्यावी. नंतरची असेल तर देऊं नये. ज्याला बेरीज-वजाबाकी जड जाते त्यालाहि ही युक्ति साधते.

४. पुरावा कोणता मानावा

ओळखपत्र पाहतांना तीन गोष्टी पाहाव्या: छायाचित्र समोरच्या मनुष्याचें आहे कीं नाहीं, जन्मतारीख कोणती आहे, आणि पत्र खाडाखोड केलेलें नाहीं ना. मतदाराचें ओळखपत्र १८ वर्षें पुरीं झाल्यावांचून मिळत नाहीं, म्हणून तंबाखूच्या बाबतींत तें चांगला पुरावा आहे. वाहन चालविण्याच्या परवान्याचें मात्र तसें नाहीं. लहान दुचाकीचा परवाना १६ व्या वर्षींहि मिळूं शकतो. तेव्हां परवाना आहे एवढ्यावर न भागवितां त्यावरील तारीख वाचावी. आधारपत्र आज जवळजवळ सर्वांपाशीं असतें, व दुकानीं पाहण्यास तें सोयीचें आहे. तरी तें मुळांत ओळखीचें पत्र आहे. ऑक्टोबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें एका अपघाताच्या नुकसानभरपाईच्या खटल्यांत असें सांगितलें कीं, जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधारापेक्षां शाळा सोडल्याचा दाखला अधिक मानावा.

पत्र पाहून तें परत द्यावें. त्याची नक्कल ठेवूं नये, त्यावरील नंबर लिहून घेऊं नये, आणि उधारीच्या पोटीं तें अडकवून तर मुळींच ठेवूं नये. वय पाहण्याकरितां जेवढें लागतें तेवढेंच पाहावें. दुसऱ्याच्या कागदावर आपला हक्क नाहीं.

ह्या सर्व पुराव्यांचें मूळ जन्माच्या नोंदींत आहे. पूर्वीं मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या वहींतील नोंद वयाच्या कामीं उपयोगी पडत असे, आणि अशा जुन्या वह्या आजहि जपून ठेवण्यासारख्या आहेत. परंतु १९६९ सालच्या कायद्याप्रमाणें प्रत्येक जन्माची खबर २१ दिवसांच्या आंत सरकारी नोंदणीदारास दिली पाहिजे. एक वर्ष उलटून गेलें म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हुकुमावांचून नोंद होत नाहीं, आणि मग खेटे घालावे लागतात. ज्यांचा जन्म १ ऑक्टोबर २०२३ रोजीं किंवा नंतर झाला आहे त्यांच्या शाळाप्रवेशास, परवान्यास व मतदारयादीस जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जाणार आहे. म्हणून घरीं मूल जन्मलें कीं आधीं नोंद करावी, मग पेढे वाटावे.

५. चेहऱ्यावरून वय ओळखतां येतें काय

कित्येक दुकानदार म्हणतात, "आम्हांला पाहतांक्षणीं वय कळतें." हें खरें नाहीं. शेतांत राबणारा पंधरा वर्षांचा मुलगा विशीचा दिसतो, आणि बावीस वर्षांचा बारीक अंगाचा तरुण शाळकरी वाटतो. मिसरूड फुटली हा दाखला नव्हे. ही अडचण ओळखून इतर देशांनीं एक सोपी तोड काढली आहे. स्कॉटलंडांत दारू विकत घेण्याचें वय १८ आहे. परंतु २०११ सालापासून तेथें असा नियम आहे कीं, जो २५ वर्षांच्या आंतला दिसेल त्याला पुरावा विचारलाच पाहिजे. अमेरिकेंत तंबाखूची मर्यादा २०१९ सालीं २१ वर्षांवर नेली, आणि २०२४ सालापासून ३० वर्षांच्या आंतल्या प्रत्येकाचें छायाचित्रासह ओळखपत्र पाहणें दुकानदारावर बंधनकारक आहे.

ह्यांतील तत्त्व असें आहे कीं, डोळ्यांची चूक चार-पांच वर्षांची होऊं शकते, म्हणून तेवढी जागा आधींच सोडून ठेवावी. ह्याचा दुसराहि एक फायदा आहे. जेथें सर्वांनाच विचारलें जातें तेथें कोणाचा अपमान होत नाहीं. एकालाच विचारलें तर त्याला तो अविश्वास वाटतो. पंचविशीच्या आंतल्या दहाहि जणांना विचारलें तर ती दुकानाची रीत ठरते.

६. ज्या वस्तूंकरितां नांवहि लिहून घ्यावें लागतें

तंबाखूपुरतें वय पाहून भागतें; कांहीं वस्तूंच्या बाबतींत तेवढ्यानें भागत नाहीं. तेजाब, ज्याला आपण ॲसिड म्हणतों, तें तोंडावर फेंकून स्त्रियांस विद्रूप करण्याचे घोर अपराध घडूं लागले, तेव्हां एका पीडित तरुणीच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०१३ मध्यें हुकूम दिला. त्याप्रमाणें दुकानदारानें तेजाब विकतांना वही ठेवावी. तींत घेणाऱ्याचें नांव, पत्ता व किती तेजाब दिलें हें लिहावें. सरकारनें दिलेलें छायाचित्राचें ओळखपत्र पाहावें. कशाकरितां हवें तें विचारावें. आणि १८ वर्षांखालील कोणास देऊं नये. आपल्यापाशीं किती साठा आहे हेंहि प्रांताधिकाऱ्यांस कळवावें लागतें, आणि न कळविलेला साठा सांपडल्यास तो जप्त होऊन ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. संडास धुण्याच्या बाटलीकरितां एवढी यातायात कशाला, असें ज्यास वाटेल त्यानें ज्या मुलीचा चेहरा व दृष्टि गेली तिचा विचार करावा.

औषधांचीहि गोष्ट अशीच. २०१४ सालापासून कांहीं तीव्र औषधांकरितां औषधविक्रेत्यानें वेगळी वही ठेवून तींत डॉक्टरचें व रोग्याचें नांव, औषध व त्याचें प्रमाण लिहावें, आणि ती वही तीन वर्षें जपावी, असा नियम आहे. "डॉक्टरची चिठ्ठी कशाला, मागच्या वेळचीच गोळी द्या," असा हट्ट आपण करतों, तेव्हां त्या विक्रेत्यास आपण नियम मोडावयास लावीत असतों.

७. दुकानदाराच्या सबबी

पहिली सबब: "मीं दिली नाहीं तर पलीकडचा देईल." असेल; पण पलीकडच्याच्या कृत्याचा जबाब त्याला द्यावयाचा आहे, ह्याला नाहीं. गांवांत दुकानें बहुधा दोन-चारच असतात. त्या सर्वांनीं एके ठिकाणीं बसून ठरविलें तर पलीकडचा उरतच नाहीं.

दुसरी सबब: "गिऱ्हाईक तुटेल." ज्या घरीं साखर, मीठ, तेल तुमच्याकडून जातें तें घर एका पुडीकरितां तुटत नाहीं. उलट, हा माणूस आपल्या मुलाचें भलें पाहतो, असें आईच्या मनांत एकदां ठसलें म्हणजे तिचा सगळा बाजार तुमच्याच दुकानीं होतो.

तिसरी सबब, आणि हीच खरी: "ओळखीच्यांना नाहीं कसें म्हणावें?" शहरांत दुकानदार गिऱ्हाइकास ओळखत नाहीं, म्हणून त्याला पत्र पाहावें लागतें. खेड्यांत त्याला पत्राची गरजच नसते. मुलगा कोणाचा, कोणत्या इयत्तेंत, हें त्याला पाठ असतें. येथें अडचण माहितीची नाहीं, भिडेची आहे. भीड मोडण्यास मोठें भाषण लागत नाहीं. मुलगा आला कीं गोड शब्दांत सांगावें, "बाळ, ही वस्तु तुझ्या हातीं देतां येत नाहीं. तात्यांना म्हणावें, दुकानाचा तसा नियम आहे. आपण स्वतः या." मुलावर रागावूं नये, चार माणसांत त्याला लाजवूं नये. तो सांगकाम्या आहे. निरोप सांगणाऱ्याकडे परत गेला पाहिजे.

सुट्या विड्यांविषयीं येथेंच एक शब्द. मुलाच्या खिशांत अख्ख्या पाकिटाचे पैसे नसतात, पण एका सिगारेटीचे असतात. हें जाणूनच महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं सुटी सिगारेट व सुटी विडी विकण्यास मनाई केली. ही मनाई पाळली तर वय न विचारतांहि पुष्कळ मुलें वांचतील.

८. घराचें कर्तव्य

दुकानदारानें सर्व नियम पाळले तरी घरानें मागचें दार उघडें ठेवलें तर काय उपयोग? म्हणून पालकांनीं पुढील तीन गोष्टी आजपासून कराव्या. मुलास किंवा मुलीस अशा वस्तूंच्या खेपेला पाठवूं नये. दुकानदारानें मुलाला परत पाठविलें तर त्याच्याशीं भांडूं नये. त्याचे आभार मानावे. आणि ज्यांना व्यसन आहे त्यांनीं, निदान तें सुटेपर्यंत, आपली वस्तु आपण उठून आणावी. स्वतः उन्हांत चालत जाऊन आणावी लागली तर दहांतल्या दोन पुड्या आपोआप कमी होतील, आणि सोडण्याचा विचार मनांत येण्यास तीहि एक सुरुवात होईल.

चर्चेसाठीं प्रश्न

(१) १८ वर्षांखालील मुलाला वडिलांकरितां तंबाखू विकणें गुन्हा कां ठरतो?
(२) ज्याचा जन्म १२ जानेवारी २०१० रोजीं झाला त्याला अठरावें वर्ष कधीं लागेल, व त्याचीं अठरा वर्षें कधीं पुरीं होतील?
(३) वाहनाचा परवाना पाहतांना त्यावरील तारीख वाचणें कां अगत्याचें आहे?
(४) तंबाखू विकतांना व तेजाब विकतांना दुकानदाराच्या कर्तव्यांत कोणता फरक आहे?
(५) आपल्या गांवांत शाळेच्या फाटकापासून १०० यार्डांच्या आंत तंबाखू विकली जाते काय? असल्यास कोणी, कोणाशीं व कशा शब्दांत बोलावें?

आठवड्याचें काम.— आपल्या घरांतील प्रत्येक मुलाचा जन्मदाखला आहे कीं नाहीं हें पाहावें. नसेल तर ग्रामपंचायतींत जाऊन चौकशी करावी. तसेंच ज्या दुकानांतून आपण नेहमीं सामान घेतों तेथें वयाची पाटी लावलेली आहे काय हें पाहावें. नसल्यास दुकानदारास एकांतांत, सौम्यपणें, त्याची आठवण द्यावी.